फुलाफुलांची चिंधी

सुताराने दाराचा जुना लॅच उपसून काढला आणि लेकीच्या हातात दिला. आठवड्यापूर्वी हेच दार फोडायला त्यालाच बोलावलं होतं, म्हणून तो मान वर करत नव्हता. तिने लॅच टेबलावर ठेवला, आईचा किल्ल्यांचा पत्र्याचा डबा काखोटीला मारला आणि जिन्यावर आली.

आई शिवणकाम करायची. इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची जादा किल्ली तिच्याकडे असायची आणि किल्लीला त्याच घरासाठी शिवलेल्या कपड्याची चिंधी. नाव नाही, नंबर नाही. चिंधी हाताला कळते, म्हणायची. कुणाची पोरं शाळेतून लवकर आली, कुणाचा गॅस चालू राहिला, कुणाचा म्हातारा आत पडला, की ही अनवाणी धावलीच. पोरं तिला किल्लीमावशी म्हणत. बाबा होते तोवर म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात या बाईचा हात कुणी धरणार नाही. ती हसायची आणि भाजत राहायची. उभा जन्म असा गेला.

आणि तीच बाई न्हाणीघरात पाय घसरून, खुबा मोडून, बंद दारामागे दोन दिवस पडून राहिली. दाराला लटकलेल्या पिशव्या साचलेल्या बघून दूधवाल्याने ओरडा केला, तेव्हा कुठे लोक जमले. पहिल्या दिवशी कुणी आत शिरलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर बोलून गेले. लेकीच्या मनात तेवढं एकच वाक्य रुतून बसलं होतं. साऱ्या जगाच्या किल्ल्या हिच्याकडे, मग हिची एक किल्ली कुणाकडेच कशी नसावी? संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये शोकसभा होती. त्याआधी ज्याची त्याला किल्ली परत करायची आणि हे विचारायचंच, असं ठरवून ती निघाली होती.

तळमजल्यावरच्या कंपाउंडरने निळी चिंधी लगेच ओळखली. मुलाच्या गणवेशाची. मुलगा आता बापापेक्षा उंच झाला होता आणि कुलूप तर कधीच बदललं होतं. वरच्या मास्तरीणबाईंच्या दाराला आता आकडे दाबायचं यंत्र होतं. मावशींना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, म्हणाल्या. मग आणखी दोन दारं, आणखी दोन कुलपं. डबा काही हलका होईना.

शेजारच्या निवृत्त कारकुनाने तिला आत बसवून पाणी दिलं. भिंतीला भिंत लागलेलं घर. त्याने त्या दिवशी ठकठक ऐकली होती. वाटलं, काही ठोकत असतील. सांगताना म्हातारा रडला आणि लेकीला त्याची कीवसुद्धा आली नाही.

"आईची किल्ली तुमच्याकडे का नव्हती, काका?"

"दिली होती की, मागच्या वर्षी." त्याने डोळे पुसले. "पण आमचं सारखं मुलाकडे जाणं असतं. कशाला उगाच जबाबदारी? म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा."

"मग?"

"मग काय. हसल्या. म्हणाल्या, बरं."

याच माणसाची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं आईने केलं होतं. लेकीच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. ती डबा उचलून घरी आली.

सुतार नव्या लॅचचे स्क्रू पिळत होता. तिने डबा टेबलावर उपडा केला. सगळ्यात तळाला होत्या त्या चार-पाच किल्ल्या वर आल्या आणि सगळ्यांना एकच चिंधी होती, आईच्या फुलाफुलांच्या झग्याची. सापडली तेव्हा तोच झगा अंगावर होता. लेकीने त्यातली एक किल्ली टेबलावरच्या जुन्या लॅचमध्ये घातली. फिरली. दुसरी घातली. तीही फिरली.

म्हणजे आई दारोदार हिंडली होती. माझी एवढी एक किल्ली ठेवा म्हणून. आणि ज्यांच्यासाठी हाडं झिजवली त्या सगळ्यांनी गोड बोलून ती परत तिच्या हातावर ठेवली होती. लेकीने मनातल्या मनात एकेका दाराला शिव्या घातल्या. असली माणसं वैऱ्यालाही मिळू नयेत.

शेवटच्या किल्लीच्या चिंधीवर लाल ठिपका होता. तिने खरवडून पाहिला. नेलपॉलिश.

मागच्या सुट्टीत ती इथेच, याच टेबलाशी नखं रंगवत बसली होती. आईने जवळ येऊन किल्ली तिच्या तळहातावर ठेवली होती. अगं, मी एवढी लांब, माझ्याकडे ठेवून काय उपयोग? इथेच दे कुणाकडे तरी, ती म्हणाली होती, नखांवर फुंकर घालत.

आई हसली होती. बरं, म्हणाली होती.

खालच्या हॉलमध्ये माईक लावत होते. हॅलो, हॅलो, असा आवाज जिन्यातून वर येत होता. सुताराने दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि चकचकीत किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे धरला.

"तीन आहेत, ताई. एक शेजारी देऊन ठेवा. वेळ काय सांगून येते?"

लेक उघड्या दारातून शेजारच्या दाराकडे बघत राहिली. मग तिने तिन्ही किल्ल्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं.