गोमेचे पाय

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचे डोळे दोन वर्षांत गेले. आधी बारीक स्क्रू दिसेनासे झाले, मग काटे, आणि एक दिवस स्वतःच्याच दुकानाच्या दारावर त्याचं कपाळ आपटलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. धाकट्या बहिणीने त्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं. ती गणवेशांच्या कारखान्यात दिवसभर कॉलरी उलटवून टाके तपासायची. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. तो तिला लहानपणापासून 'बुटके' म्हणायचा.

दादाबरोबर एक खोकं आलं. त्यात जुन्या सिनेमांच्या डिस्क होत्या. अणुस्फोटानंतर आगगाडीएवढी झालेली गोम, बंदर गिळणारा सरडा, पूल मोडणारा खेकडा. लहानपणी दोघं टीव्हीसमोर पालथी पडून हे बघायची. बुटकी डोळे मिटून घ्यायची, तर दादा चुका हुडकायचा. "अगं बघ, सरड्याच्या पाठीवर शिवण! आत कुणीतरी घामाघूम झालाय." मग ती हसून लोळायची.

आता रविवारी दुपारी ती डिस्क लावायची आणि दिसेल ते सांगायची.

"गोम आली. टाकीवर चढतेय. लोक पळताहेत."

"कशी चढतेय? पाय एकदम उचलते की लाटेसारखे?"

"लाटेसारखेच असतील."

"असतील म्हणजे? बघून सांग ना गं."

सहा दिवस टाके बघून तिचे डोळे चुरचुरत असायचे. एकदा तर बोलता बोलता तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा सिनेमा संपला होता आणि दादा तसाच ताठ बसून होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला एकदा तरी हसवायचं, असं तिने ठरवलं.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "दादा, गोमेच्या मानेपाशी शिवण दिसतेय! टाका इतका कच्चा, की आमच्या सुपरवायझर बाईंनी उसवायला लावला असता."

दादा हसला नाही. "गोमेला शिवण नाही. ती लाकडाची होती, तारांवर चालवलेली. शिवण सरड्याला. मला सगळे पाठ आहेत. कशाला फसवतेस?"

"पाठ आहेत तर मला कशाला बडबडायला लावतोस?" ती फाडकन बोलून गेली. "आठवड्यातून एक दिवस मिळतो मला!"

टीव्हीतली माणसं किंचाळत होती. दादाने चाचपून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"पाठ होते," तो म्हणाला. "आता गोम आठवायला गेलो, की तुझे शब्द ऐकू येतात. गोम आली, गोम चढली. गोम काही दिसत नाही. म्हणून पायांचं विचारतो. एक पाय जरी नीट दिसला, तर बाकीची मी जुळवीन, असं वाटायचं."

तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने विचारलं, "आणि मी? मी दिसते?"

"वेणी आठवते तुझी."

"तोंड?"

तिने त्याचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. नाक, भुवया, हनुवटी. तिळाएवढे स्क्रू जागच्या जागी बसवणारी ती बोटं हळूहळू सगळीकडून फिरली.

"नाही जमत गं," तो म्हणाला आणि हात काढून घेतला.

"परत बघ. घाईने कसं जमेल?"

"राहू दे, बुटके. दमली आहेस तू."

त्यानंतर सिनेमे लागले नाहीत. "लावू का रे?" असं ती दोन-तीनदा म्हणाली. "नको, तू पड जरा," एवढंच तो म्हणायचा. तिला रविवार मोकळा मिळाला. जेवणं उरकून ती भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची, पण डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेजारी खुर्चीत दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असायचा. तो आता काहीच विचारायचा नाही.