भाऊबीजेच्या ताटातला लॅपटॉप

रेणुका लग्न होऊन सेलूला आमच्या घरी आली तेव्हा तिच्या रुखवतात मण्यांचं तोरण होतं, लोकरीचा ससा होता, गव्हल्यांच्या परड्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक लॅपटॉप मांडलेला होता. लॅपटॉप आपलं म्हणायचं. जेवणाच्या ताटात मावेल एवढाच तो होता. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या की हा खरा आहे का थर्माकोलचा. मी रेणुकाची थोरली जाऊ, आणि फटकळ तोंडाची म्हणून घरात माझं नाव आहेच. मी म्हणाले, अजून पिल्लू आहे, दूधभाकर खाऊन मोठं होईल. सगळ्या हसल्या. रेणुकाही हसली, पण रुखवत आवरताना तिनं पहिल्यांदा तोच उचलला.

ती चुडाव्याहून रेल्वेनं नांदेडला कॉलेजला जायची, तेव्हा तिच्या वडिलांनी एम.ए.च्या अभ्यासाला म्हणून दुकानातला सगळ्यात स्वस्त नग घेऊन दिला होता. स्वस्त म्हणजे स्वस्तच. पडद्यावर पान अर्धंच दिसायचं. बटणं इतकी जवळजवळ की माझं एक बोट दोन बटणांवर पडायचं. दोन कामं एकदम सांगितली की तो रुसून बसायचा, आणि जागा उरली नाही म्हणून सारखी कुरकुर करायचा. मग रेणुका त्यातलं काहीबाही पुसून टाकायची. तिचा नवरा हरिओम, म्हणजे माझा धाकटा दीर, कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. त्यानं एकदा त्यावर आपलं काम उघडून बघितलं आणि कोपरापासून हात जोडले. सासऱ्यांनी भजन लावलं, तर आवाज कानापर्यंत पोचेना. घरातल्या प्रत्येकानं एकेकदा त्याला नावं ठेवली आणि त्याचा नाद सोडला.

त्याचा खरा फायदा हाच होता, पण तो मला उशिरा कळला. एकत्र कुटुंबात जी वस्तू कोणाच्याच कामाची नसते, तीच एका माणसाची म्हणून टिकते. बाकी सगळं सगळ्यांचं असतं, अगदी डोक्याला लावायचं तेलसुद्धा.

रेणुकाला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं. ते लोकांची बोलणी रेकॉर्ड करून पाठवायचे आणि हिनं कानात वायरी घालून ती शब्दन्‌शब्द टाइप करून द्यायची. शेतकऱ्यांच्या मुलाखती, दवाखान्यातल्या नर्सांची गाऱ्हाणी, कुठल्या तरी म्हातारीच्या जात्यावरच्या ओव्या, काहीही यायचं. काम दुपारी आलं तरी त्याच दिवशी परत द्यावं लागायचं. ती तो लॅपटॉप स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवायची. एकीकडे वरण शिजतंय, एकीकडे हिची बोटं चालताहेत. तो आवाज करायचा नाही, तापायचा नाही, फोनच्या चार्जरवर चार्ज व्हायचा आणि लाइट गेली तरी दिवसभर पुरायचा. कोणी आलं की ती झाकण लावून त्यावर पोळ्यांचं फडकं टाकायची. त्यात लपवाछपवी नव्हती, घरात सगळ्यांना माहीत होतं. पण सुनेचं काम डोळ्यांवर आलं नाही की कोणी हटकत नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, खेळती बिचारी, खेळू द्या.

अधूनमधून ती एक वायर माझ्या कानात घालायची. एका ओवीला आम्ही दोघी इतक्या रडलो की तव्यावरची पोळी करपली. सुरुवातीला मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मग एकदा कंपनीनं छापलेल्या पुस्तकात मागच्या पानावर बारीक अक्षरात तिचं नाव आलं. आडनाव आमचंच, पण नाव तिचं. माझं नाव आजवर लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड सोडून कुठं छापलेलं नाही. ते पान मी माझ्या नवऱ्याला तीनदा दाखवलं, तेव्हा हेवा जाऊन अभिमान कधी आला ते मलाच कळलं नाही.

हरिओम मनाचा वाईट नाही, हे आधी सांगते. वाईट असता तर फार सोपं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. बायको त्या टीचभर पडद्यात डोळे घालून बसते, डोळे चोळते, हे तो बघत होता. यंदाच्या पाडव्याला तिनं त्याला ओवाळलं आणि त्यानं तिच्यापुढे मोठं खोकं ठेवलं. आतून काळाभोर, रुंद, चकचकीत लॅपटॉप निघाला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारपाजारचे बघून गेले. रेणुका खरोखर हरखली होती. रात्री भांडी विसळताना ती मला म्हणाली की आता पान पुरतं दिसेल.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आमची नणंद सविता पाथरीहून आली. तिचं लग्न दहावी होताच झालं, घरचं प्रसादाचं आणि फुलाहारांचं दुकान आहे, राम नावाचा मुलगा सातवीत आहे. तिनं दोघा भावांना ओवाळलं. माझ्या नवऱ्यानं ताटात साडी घातली. हरिओम उठून आत गेला, स्वयंपाकघरातून रेणुकाचा छोटा लॅपटॉप घेऊन आला आणि सविताच्या ताटात ठेवला. म्हणाला, रामला अभ्यासाला होईल.

रेणुका करंज्यांची थाळी घेऊन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. पण ओवाळणी ताटात पडली होती, निरांजन जळत होतं, आणि भाऊबीजेला बहिणीच्या ताटातलं काढून घेणारी भावजय कोणी ऐकली आहे का? तिनं थाळी ठेवली आणि वाकून नणंदेच्या पाया पडली. रात्री तिनं नवऱ्याला एवढंच म्हटलं की मला विचारायचं तरी. त्याला नवल वाटलं. ह्याच्या पाचपट चांगला आणला की तुला, तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूनं ते खरंच होतं.

आता नव्याची कथा ऐका. महागाची वस्तू म्हणून सासूबाईंनी तो स्वयंपाकघरात न्यायला बंदी केली, तेल उडेल, वाफ लागेल. त्याला बैठकीत टेबल मिळालं, वर विणलेलं झाकण मिळालं. त्याला सारखी वीज लागायची, आणि तसं मोठं प्लगचं बटणही बैठकीतच. सकाळी त्यावर सासऱ्यांची भजनं, आता आवाज पुरता घुमायचा. संध्याकाळी हरिओमचे हिशेब. सुटीच्या दिवशी गल्लीतली कोणाकोणाची पोरं फॉर्म भरायला. दुपार तेवढी रिकामी, तर दुपारी सासऱ्यांचे मित्र येऊन बसतात. त्या म्हाताऱ्यांसमोर धाकटी सून खुर्चीवर बसून कानात वायरी घालून टाइप करणार कशी? एकदा ती बसली. कोणी काही बोललं नाही, फक्त गप्पा थांबल्या. ती उठून आत आली.

पडदा मोठा, बटणं ऐसपैस, कितीही कामं सांगा, कुरकुर नाही. फक्त तिची पाळी येत नव्हती. फोनवर टाइप करून बघितलं, तर निम्म्यात रात्र झाली आणि एक काम बुडालं. कंपनीनं कळवलं की आणखी एक बुडालं तर दुसरं माणूस बघू. मी सासूबाईंकडे विषय काढला. त्या म्हणाल्या, घरात एवढं मोठं धूड असताना पोरीला कसली अडचण?

मग एका सकाळी रेणुका माझ्याजवळ आली. ती कधी काही मागत नाही, म्हणून मला आधी समजलंच नाही.

"आक्का, तुमी पाथरीला जावा," ती म्हणाली. "मला मागता यायचं न्हाई. तुमचं सविताबाई ऐकत्यात."

मी हो म्हणाले. माझं तोंड कशाला आहे मग? नणंद माझ्या हाताखाली वाढलेली, मी लग्न होऊन आले तेव्हा परकर-पोलक्यात होती. रामसाठी नवं दप्तर घेतलं, कंपासपेटी घेतली. सांगायचं की लॅपटॉपमध्ये हिचं काम अडकलंय, थोडे दिवस दे, आणि पुढं बघू. निघताना रेणुकाच्या फोनवर कंपनीचं काम आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, घे बिनधास्त, रिकाम्या हातानं येणार नाही. तिनं काम घेतलं.

पाथरीला सविता एकटीच घरात होती. तिनं चहा केला, पोहे केले. मी दप्तर दिलं आणि हळूच विचारलं की राम लॅपटॉप चालवतो का.

"बिघडला तो, वहिनी," ती म्हणाली. "पैल्याच आठवड्यात. चालूच हुईना."

मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. बिघडलेली वस्तू मागायला लाज कसली?

"मंग दे की मला. सेलूत दाखविते. दुरुस्त झाला तर झाला."

सविता पदराला हात पुसत बसली. मग उठून तिनं बाहेरच्या दाराला कडी घातली. आतल्या खोलीत महालक्ष्म्यांच्या साड्या आणि दागिने ठेवायची लोखंडी पेटी आहे, ती भादव्याशिवाय कोणी उघडत नाही. तिनं ती उघडली आणि साड्यांच्या घड्यांखालून लॅपटॉप काढला.

"बिघडला न्हाई," ती म्हणाली. "तसं सांगितलं म्हणून माज्याजवळ ऱ्हायला. पोरगं गेम खेळायलं, हे दुकानात न्यायलते. बिघडला म्हनल्यावर कुणी खरं-खोटं सुद्धा केलं न्हाई. त्याचं तोंडच तसलं हाय."

तिनं तो सुरू केला. पडद्यावर कोणी मास्तर फळ्यापुढे इतिहास शिकवत होता. सवितानं बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. शेजारच्या सुनेत्राबाई शाळेत शिकवतात, त्यांनी सगळे धडे पेनड्राइव्हवर भरून दिलेत, त्यामुळे इंटरनेट लागत नाही. माणसं दुकानात गेली की ही कडी घालून बसते. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, पास झाले तर सांगीन म्हणते.

"मला धाव्वीला मार्क चांगले व्हते, वहिनी. तुमाला ठावं हाय," ती म्हणाली. "हरिओमदादाला सांगा, एवढ्या वर्षांत अशी ओवाळणी कुणी घातली न्हाई मला. पर त्याला खरं सांगू नका, नुसतं लय आवडली म्हणा."

मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते, सकाळपासून घोकलेले. सविता माझ्याकडे बघत होती आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती. मी फटकळ बाई, जन्मभर ज्याला त्याला तोंडावर बोललेली, त्या दिवशी मला एक वाक्य बोलता आलं नाही. मी म्हणाले, नीट अभ्यास कर. तिनं मला बसपर्यंत पोचवलं, जागा धरून दिली, खिडकीतून प्रसादाची पुडी दिली.

सेलू येईस्तोवर मी स्वतःला समजावत होते की मी बरोबर केलं. रेणुका शिकलेली आहे, तिला दुसरं काही मिळेल, सविताला हे एवढंच. मला ते अगदी पटलंही होतं. घरी आले तर बैठकीत मंडळी जमली होती, मोठ्या लॅपटॉपवर कोणाचं तरी कीर्तन चाललं होतं. रेणुका स्वयंपाकघरात होती. तिनं पिठाचा डबा पुसून ठेवला होता, वायरी काढून ठेवल्या होत्या. तिनं आधी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

मी तिला सगळं खरं सांगितलं. पेटीचं, फॉर्मचं, मास्तरचं. मला वाटलं होतं की तिला रडू येईल आणि ती म्हणेल, बरं केलंत आक्का. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सविताबाईंनी शिकावं," ती म्हणाली. "पर तो माजा व्हता, आक्का. ह्यांनी मला न विचारता दिला, आन आज तुमीबी तसाच दिला."

तिनं फोन घेतला आणि कंपनीला कळवलं की आजचं काम होणार नाही, दुसरं कोणी बघा. बैठकीतून चहाची हाक आली. ती उठायला लागली तशी मी तिला बसवलं आणि पातेलं चढवलं. दुधाला उकळी येईपर्यंत मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.