रूपालीचं डाएट

"ताई, साखर पुन्हा वाढली," डॉक्टर म्हणाले. "मधे किती छान उतरली होती. काय झालं?"

काय झालं ते पौर्णिमाला चांगलं ठाऊक होतं, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. तिनं रिपोर्ट पर्समध्ये कोंबला आणि आईकडे जायला रिसोडहून केनवडची जीप धरली. चौघांच्या सीटवर पाचवी म्हणून अंग चोरून बसताना ड्रायव्हर बोललाच, "बाई, तुमाले तं दोन शिटा लागतात." एरवी ती हसली असती. आज तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप गाडी चालू करायला गेला.

या सगळ्याच्या मुळाशी रूपाली होती. रिसोडला एकाच गल्लीत दोघींची घरं, मुलं एकाच शाळेत. गेल्या वर्षी दोघींनी मिळून सकाळचं फिरणं सुरू केलं. पौर्णिमा कॉलेजच्या कचेरीत दिवसभर खुर्चीला चिकटलेली, बाळंतपणात सुटलेलं अंग नंतर कधी आवरलंच नाही. त्यात आईची साखर. आईच्या, अंजनाबाईंच्या, उजव्या पायाची दोन बोटं साखरेपायी कापावी लागली होती, आणि आपलीही गत तीच होणार या धास्तीनं पौर्णिमाच्या मनात घर केलं होतं.

वाशीम रोडनं ओढ्यावरच्या पुलाकडे जायचं. पुलाच्या अलीकडे रूपालीला धाप लागायची, म्हणून तिथूनच मागे फिरायचं. परतल्यावर पौर्णिमा तिला घरात बोलवायची. मैत्रिणीसाठी मुद्दाम बिनसाखरेचा चहा, मोडाची मटकी, कधी ज्वारीची अर्धी भाकर. रूपाली यायची, बसायची, गप्पा मारायची, पण खायचं नाव काढलं की हात जोडायची. "नको वं, माहं डाएट हाय." चहा नको, मटकी नको, पाणी स्वतःच्या बाटलीतलं. पेरू दिला तर म्हणायची, "कापू नको, घरी नेऊन खाईन."

आणि ही बावळट पौर्णिमा, तिला काय कौतुक वाटायचं. याला म्हणतात जिभेवर ताबा. कचेरीत कुणी वाढदिवसाचा केक पुढे केला की तिला रूपालीचे जोडलेले हात आठवायचे आणि ती केक परत करायची. नवऱ्यानं, संघपालनं, गरम भजी आणली तर त्यालाच ऐकवायची, "जरा रूपालीकडं पाहा." असं करत करत वजन खरंच उतरलं. ब्लाउज आतून शिवण मारून दाबून घ्यावे लागले. साखर खाली आली.

मग गल्लीतल्या भागिरथाबाईंच्या नातवाचं बारसं निघालं. सगळ्या गल्लीला आमंत्रण होतं. पंगतीत रूपाली पुरी-बासुंदीवर ताव मारत होती. पौर्णिमानं थट्टेनं विचारलं, "आज डाएटले सुट्टी का?" रूपाली नुसती हसली. उत्तर दिलं वाढायला आलेल्या भागिरथाबाईंनी, अगदी साध्या मनानं.

"कायचं डाएट वं? रोज सकाळी फिरून आली का माह्या घरी दोन कप चहा पेते, टोस्ट बुडवू बुडवू. साखर कमी पडली तं मलेच बोलते."

रूपालीनं मान खाली घातली. तेव्हा तिनं एखादी थाप मारली असती तर पौर्णिमानं ती कदाचित मानलीही असती. पण ती मान काही वर आली नाही, आणि पौर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न कापलेले पेरू, घरून आणलेली बाटली, ते जोडलेले हात. सगळं बसल्या जागी उलगडलं. बौद्धाच्या घरचं खायचं नव्हतं, एवढंच. आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. शिकून-सवरून नोकरीला लागल्यावर तिच्या ओंजळीत डाएट ओतलं गेलं आणि ती ते वर्षभर कौतुकानं प्यायली. सगळ्यात जास्त संताप तिला याचाच आला.

घरी येऊन तिनं संघपालला सांगितलं. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मले वाटलं तुले माहीत हाय."

"म्हंजे तुमाले माहीत होतं?"

"पहिल्याच हप्त्यात समजलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुहं वजन कमी होऊन राह्यलं होतं ना."

पौर्णिमानं हातातला तांब्या ओट्यावर असा आपटला की त्याला पोचा पडला. त्या दिवसापासून फिरणं बंद. एका बाईच्या सोवळ्याला आपण संयम समजलो, मग असला संयम काय कामाचा, असं तिनं स्वतःला पटवलं. केक आला, खाल्ला. भजी आली, खाल्ली. मुलांनी टाकलेली खीर पातेलं खरवडून खाल्ली. चव कशालाच नव्हती, ती नुसता राग गिळत होती. बूट पलंगाखाली गेले, दाबलेल्या ब्लाउजच्या शिवणी उसवाव्या लागल्या. आणि आज हा रिपोर्ट.

केनवडला अंजनाबाई ओसरीत पाय लांब करून बसल्या होत्या. पौर्णिमानं त्यांच्यापुढे रिपोर्ट टाकला आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं ओकून टाकलं. रूपालीला, संघपालला आणि स्वतःला, तिघांनाही शिव्या घालून झाल्या. अंजनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी लुगडं जरा वर सरकवलं. बोटं होती तिथली कातडी आता चकचकीत झाली होती.

"रूपाली तुह्या घरचं खात नाही," त्या म्हणाल्या, "तं तू कायले तिच्या वाटचं खाऊन राह्यली?"

त्यांनी रिपोर्ट उचलून पौर्णिमाच्या हातात दिला.

"इटाळ तिच्या डोक्यात हाय. मंग पाय तुहा कापाचा का?"

पौर्णिमाला आता आईचाही राग आला. ती चहा न घेताच उठली, आणि चपला घालताना बराच वेळ आईच्या पायाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पलंगाखालचे बूट ओढून झटकले. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. जे अंतर पूर्वी गप्पांत सरायचं, त्यात आता पोटऱ्या भरून यायच्या, श्वास पुरायचा नाही. ट्रॅक्टरवर बसलेली पोरं वळून वळून हसायची. ती मनातल्या मनात शिव्या देत चालायची. एक संपली की दुसरी. जुन्या जागी, पुलाच्या अलीकडे पोचली की धापा टाकत मागे फिरायची. घरी आल्यावर बिनसाखरेचा चहा एकटीच प्यायची. संघपालनं एकदा भजी आणली. तिनं नुसतं पाहिलं, आणि त्यानं पुडी उचलून बाहेर नेली.

एका सकाळी पुलाजवळ मागून हाक आली. रूपालीच होती, खांद्याला पाण्याची बाटली, हातात स्टीलचा डबा.

"किती दिवस झाले वं, बोलत नाही का काही नाही. वजनही वाढलं तुहं." मग तिनं डबा पुढे केला. "मेथीचे लाडू हायत. खास तुह्यासाठी केले."

पौर्णिमानं झाकण काढलं, एक लाडू उचलला, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून, रूपालीच्या डोळ्यांत बघत, सगळा खाल्ला. तुपानं ओथंबलेला, चांगला मोठा लाडू. रूपालीच्या जिवात जीव आला.

"चांगला झाला," पौर्णिमा म्हणाली. "आता जाताना माह्या घरी चहा पे."

रूपालीची नजर खांद्याच्या बाटलीकडे गेली. "चहा नको वं. तुले तं माहीत हाय, आमच्या सासूबाई कशा हायत ते. आन् माहं डाएट..."

"डाएट म्हणू नको." पौर्णिमाचा आवाज चढला नाही. "डाएट मी करून राह्यली. त्याच्यात माहा जीव जाऊन राह्यला. तू जे करून राह्यली, त्याले त्याचं नाव दे."

रूपालीनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. नाव काही तिच्या तोंडून निघेना. पौर्णिमानं वाट पाहिली. ही नेहमीची मागे फिरायची जागा होती, आणि आजवर तीही सवयीनं इथूनच मागे फिरत आली होती, कुणा दुसरीला धाप लागते म्हणून. पण आता पोटात तुपाचा लाडू होता, आणि तो जिरवल्याशिवाय तिला घरी जायचं नव्हतं.

ती पुलावर चढली. मागून रूपालीनं दोनदा हाक मारली. पौर्णिमा पूल ओलांडून पुढे गेली.