पुसट फोटोतला माणूस

कात्रीकाकांच्या सलूनमधून बाहेर पडणाऱ्या माणसांचे कल्ले वाकडे यायला लागले, तेव्हा आधी कोणाला काही खटकलंच नाही. डावा कल्ला कानाच्या पाळीपर्यंत खाली आणि उजवा वर चढून बसलेला. एकाने विचारलंच, "काका, हे काय?"

काका म्हणाले, "सध्या असंच चालतं."

मग काय विचारता! बघता बघता अख्ख्या गल्लीने तसेच कल्ले ठेवले. बाहेरचा पाहुणा आला तर त्याला वाटावं, इथल्या माणसांची डोकी उतारावर ठेवून घडवलीत.

पुढे काकांनी माश्या मारायला सुरुवात केली. गिऱ्हाईक खुर्चीत डोळे मिटून बसलेलं असायचं, आणि काका खांद्यावरचा टॉवेल सपकन हवेत मारायचे.

"अहो काका, माशी आहे कुठे?"

"ही काय समोर! काळी. आणि हिच्या मागे जाळं पण आहे."

माशी नव्हती, जाळंही नव्हतं. एकदा टॉवेल पोस्टमनच्या कानावर बसला. तो बिचारा तोंडाला फेस फासलेला तसाच पळत सुटला, आणि म्हणतात की संध्याकाळपर्यंत त्याच तोंडाने टपाल वाटत फिरला. कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली!

सगळे हसत होते. हसत नव्हत्या त्या एकट्या काकू. सलूनच्या मागच्या खोलीत टॉवेल धुता धुता त्या सगळं ऐकायच्या.

"अहो, दुकानात एक माशी नाही. डोळे दाखवून या."

"दाखवलेत की! मोठ्या हॉस्पिटलात. केवढा तो कॅमेरा! काही असतं तर बोलले नसते का ते? शिकलेली माणसं आहेत."

आता हे मोठं हॉस्पिटल काय प्रकरण, ते ऐका. काकांना साखरेचा आजार जुना. साखर वाढली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या नाजूक नसा खराब होतात, गळायला लागतात, आणि माणसाला पत्तासुद्धा लागत नाही. या आजाराचा अभ्यास हॉस्पिटलात चालला होता. डोळ्याच्या आत डोकावून पडद्याचा फोटो काढायचा, म्हणजे आजार कुठवर आलाय ते कळतं. चांगलंच काम. दारावर मोठा बोर्ड होता, 'साखरेच्या रुग्णांसाठी डोळ्यांची मोफत तपासणी'. काका हौसेने गेले. डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवली, लख्खकन उजेड पडला. कॅमेऱ्यावरच्या मुलीने स्क्रीन पाहिला आणि नाक मुरडलं. पुन्हा काढला. पुन्हा तेच.

"मॅडम, पुसट येतोय."

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "मग नको. पुसट फोटो अभ्यासात चालत नाहीत. पुढचा घे."

आणि काकांना काय सांगितलं? "झालं काका तुमचं. घरी जा."

बस्स! ना एक शब्द, ना एक चिठ्ठी. काका शीळ घालत घरी आले. एवढ्या मोठ्या यंत्राने डोळ्यात पाहिलं आणि घरी जा म्हणाले, म्हणजे सगळं ठीकच असणार, नाही का? तुम्ही आम्ही असतो तर वेगळं काय समजलो असतो? त्या दिवसापासून काका दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे फिरकलेच नाहीत.

मग एका सकाळी शाळेतले मास्तर दाढीला बसले. काकांनी वस्तरा उघडला, मान जरा तिरकी केली, आणि पातं अलगद टेकवलं ते खुर्चीच्या पाठीवर.

"काका," मास्तर हळूच म्हणाले, "मी इकडे आहे."

काकू टॉवेल टाकून बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला, मास्तरांचं तोंड पुसलं, शटर खाली ओढलं आणि काकांचा हात धरून थेट हॉस्पिटल गाठलं. वाटेत त्यांनी काकांकडून त्या दिवशीचं सगळं काढून घेतलं, 'पुसट येतोय' आणि 'पुढचा घे' सुद्धा.

तिथे वरच्या हॉलमध्ये नेमका अभ्यासाचा कार्यक्रम रंगात आला होता. भिंतीवर डोळ्यांचे मोठाले फोटो झळकत होते. नारिंगी, गोल गरगरीत, प्रत्येक नस अन् नस सुटी दिसणारी. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आमच्या अभ्यासात एकही पुसट फोटो नाही! आणि आनंदाची गोष्ट म्हणजे, गंभीर आजाराची माणसं आम्हाला फारच कमी सापडली." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत हॉस्पिटलचे अध्यक्ष सगळ्यांत जोरात वाजवत होते.

"आणि पुसट फोटोवाली माणसं कुठे गेली?" दारातून काकूंचा आवाज आला.

सगळ्या माना वळल्या.

"बाई, कार्यक्रम चालू आहे. पेशंट खाली तपासतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खालीच आलो होतो आम्ही. तुम्ही बाजूला काढलंत. का काढलंत, तेवढं सांगा."

"अहो, फोटो चांगला आला नाही तर त्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून ते वगळावे लागतात."

"फोटो वगळा हो! माणूस कशाला वगळलात?" काकू पुढे आल्या. "तुम्ही शोधताय आजार, आणि निवडून घेताय ज्यांचे फोटो छान येतात ते! हे लग्न जमवताय की डोळे तपासताय?"

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला.

"यांच्या डोळ्यांत बिघाड आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण माझ्याकडे पुरावा आहे. तुमच्या पहिल्या रांगेतच बसलाय."

काकूंनी बोट दाखवलं. हॉलभर माणसं अध्यक्षांकडे बघायला लागली. डावा कल्ला पाळीपर्यंत खाली, उजवा निघाला होता भुवईच्या भेटीला.

अध्यक्षांनी दोन्ही कान चाचपले. "अहो, पण... सध्या असंच चालतं ना?"

हॉल खो खो हसायला लागला. तेवढ्यात काका बोलले, अगदी हळू, आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"नाही साहेब. मी खोटं बोललो. मला सरळ रेघ वाकडी दिसते. आरशाची कडसुद्धा लाटेसारखी हलते. मला वाटलं, डोळे तर यंत्राने तपासलेत, मग माझा हातच थकला असणार. म्हणून फॅशनचं नाव सांगितलं. आज मास्तरांच्या गळ्याजवळ वस्तरा होता हो माझा."

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "बाई, तुम्हाला फोटो हवा होता. यांना डोळा हवा होता! बोर्डावर तपासणी लिहिलंत. तुमचा शब्द खरा धरून हा माणूस गप्प बसला. 'आम्हाला दिसलं नाही, दुसरीकडे दाखवा' एवढं बोलायला काय तोंड दुखत होतं?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र एक गोष्ट केली, ती त्यांच्या नावावर मांडायला हवी. हातातला माइक खाली ठेवला, काकांचा हात धरला आणि स्वतः त्यांना खाली घेऊन गेल्या.

भिंग लावून त्या बघत राहिल्या. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्याच्याच गुठळ्या काकांना माश्या आणि जाळी होऊन दिसत होत्या. फोटो पुसट आला तो त्या रक्तामुळेच! उजव्या डोळ्याचे थर दाखवणारा फोटो काढला, तर पडदा मधोमध सुजलेला. म्हणून रेघा वाकड्या.

"काका, तुमचा फोटो बिघडला नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो ओरडून सांगत होता. मीच ऐकलं नाही. तेव्हाच तुम्हाला थांबवून घेतलं असतं, तर डावा डोळा बहुतेक इतका गेला नसता."

काकूंनी काकांच्या खांद्यावरचे केस झटकले. तिथे एकही केस नव्हता.

डॉक्टरीणबाई पुन्हा वर गेल्या. म्हणाल्या, "मघाशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्या परत घ्या. जे सगळ्यांत आजारी होते त्यांनाच मी हाकलून दिलं, आणि वर सांगितलं की आजार कमी आहे! एकेकाला परत बोलावणार आहे."

अध्यक्ष कुजबुजले, "अहो, बोलावू की सावकाश. एवढी गाडी पाठवा, माणसं लावा... आणि नाव खराब होईल ते वेगळंच."

बघा! कोणाचा डोळा जातोय आणि याला नावाची पडलीय!

काकांच्या उजव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली, लेसर झाला, आणि तो वाचला. डाव्याचं ऑपरेशन झालं, पण आता त्याला माणूस आलाय एवढंच कळतं, कोण आलाय ते नाही. काका कात्री चालवतात, हळूहळू, कंगवा आडवा धरून. वस्तरा मात्र काकूंनी घेतला. पहिले काही दिवस पुरुष मंडळी दारातूनच परत फिरायची. मग मास्तर बसले आणि गुळगुळीत होऊन उठले, तशी रांग लागली.

एक दिवस अध्यक्षही आले. मान मागे टाकून, डोळे मिटून आरामात पसरले. काकूंनी फेस लावला, वस्तरा परजला, गळ्यावर अलगद टेकवला आणि विचारलं, "पुसट फोटोवाल्यांना आणायला गाडी गेली का हो साहेब?"

"जाईल. पुढच्या महि..."

पातं जरा थांबलं.

"उद्या! उद्याच पाठवतो!"

"काका," काकूंनी हाक मारली, "साहेबांना फोन आणून द्या. त्यांना आत्ताच बोलायचंय."

गाडी त्याच दुपारी निघाली. परत आलेल्यांत कोणाला मोतीबिंदू निघाला, कोणाच्या डोळ्यात काकांसारखंच रक्त. बरेच डोळे वेळेवर हाती लागले. काहींना उशीर झाला होता, आणि त्यांच्यापुढे डॉक्टरीणबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. आता त्या कॅमेऱ्याशेजारी पाटी आहे: 'फोटो पुसट आला तर घरी जाऊ नका. आधी डॉक्टरांना भेटा.'

तेव्हा मंडळी, माणसावर अभ्यास करायचा असेल तर आधी त्याला माणूस समजा. त्याच्या शरीरात डोकावलात, तर काय दिसलं ते त्याला सांगा. आणि काही दिसलं नाही, तर तेही सांगा! आणि तुम्ही, यंत्रासमोर हनुवटी टेकवणारे, 'झालं तुमचं, घरी जा' एवढ्यावर खुर्ची सोडू नका. काय निघालं ते विचारा. डोळा तुमचा आहे. विचारायला लाज कसली?