दोन नळ्यांची सुरमादाणी

मी एक जुनी सुरमादाणी आहे मित्रांनो, हिरवट काचेची, जेमतेम वीतभर. सीदोन शहरातल्या मल्खू काचकाराने मला घडवले. त्याने एक लांब नळी फुंकली, तापलेली असतानाच मधोमध दुमडली, आणि शेजारी शेजारी दोन नळ्या झाल्या. वर धरायला कडी. ज्या देवाने साध्या वाळूला आगीतून नेऊन हे रूप दिले, त्याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

हलीफतने मला घरी आणले. एक नळी तिची, दुसरी तिच्या लेकीची, अमताची. रोज सकाळी दोघी उंबऱ्यात बसत.

"डोळे मिचकावू नकोस गं! भिंत सारवतेय का मी?"

"तुझाच हात थरथरतोय, आई. म्हातारी झालीस."

"झाले तर झाले. सासरी गेलीस की बघू, कोण लावतं ते!"

मला वाटे, हे असेच चालायचे.

एका उन्हाळ्यात अमता तापाने फणफणली आणि चौथ्या दिवशी गेली. आमच्याकडे माणसाच्या वापरातली वस्तू त्याच्यासोबत थडग्यात जाते. हलीफत मला शालीखाली धरून मल्खूकडे धावली.

"दादा, कापून दे. तिची तिला, माझी मला. लेकीचं काहीतरी राहू दे माझ्याजवळ."

"ताई, या दोन नाहीत गं. एकच नळी आहे, दुमडलेली. कापली तर दोन्ही जातील. दुसरी फुंकून देतो, अगदी अशीच."

"तिला अमताची बोटं कुठे लागलीत?"

मल्खूने मला तशीच तिच्या हातात परत दिली.

घरी येऊन तिने अमताच्या नळीतला उरलासुरला सुरमा लेकीच्या मिटल्या पापण्यांना लावला. थडग्यापाशी शेजारीण कुजबुजली, "ठेवून घे गं. तिला आता काय कळतंय?"

हलीफतने मला छातीशी धरले. मग शालीच्या गाठीत आणलेल्या सुरम्याने तिने आपली नळी काठोकाठ भरली आणि मला अमताच्या गालाशी ठेवले.

"तुझा संपलाय ना बाळा, माझ्यातला घे."

थडग्याच्या तोंडावर दगड सरकला. कितीतरी शतके मी तिथे होते. मग कुणीतरी थडगे उकरले; आता उजेडात, संग्रहालयाच्या कपाटात आहे. लोक वाखाणतात, पण माझा जीव त्या उंबऱ्यातल्या सकाळींमध्ये अडकलेला आहे.

मित्रांनो, मला कधी पुसाल तर हळू पुसा. एका नळीच्या तळाशी काळी पूड दिसेल. धूळ समजून झटकू नका. ती आईने लेकीसाठी ठेवली आहे, आणि लेकीने अजून घेतलेली नाही.