भुऱ्याचं निमित्त

आमच्या धन्यांनी नऊ दिवस अंगात ताप घेऊन कापसाच्या शेतात फेऱ्या मारल्या, आणि दहाव्या दिवशी बांधावर कोसळले तेव्हा कुठं मला कळलं की माणूस आजारी आहे. त्याआधी कधीही विचारा, उत्तर एकच. "काय न्हाई." मुदतीचा ताप निघाला. जिंतूरचे हकीमसाहेब आले, नाडी धरली आणि माझ्यावरच खेकसले, घरात कुणाला डोळे आहेत की नाहीत म्हणून. मी काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घरात तब्येतीलासुद्धा लागू होतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट ही, पोलीस ॲक्शनच्या दहा-बारा वर्षं आधीची. दोन महिने मी त्यांना पेज पाजून उभं केलं. आणि पौषात, नीट चालायला लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच म्हणाले, "डोंगरावर जाऊन येतो."

गावामागच्या डोंगरावर ते दरवर्षी जायचे. ज्वारी हुरड्यात आली, करडई फुलली की वरून सगळं शिवार बघायचं, पलीकडं पूर्णेचं पाणी चमकतं ते बघायचं आणि उतरायचं. गाव हसायचं. वर देव नाही, जत्रा नाही, मालक बघायला काय जातात? मीही हसायचे. या वर्षी मात्र हसू आलं नाही. हकीमसाहेबांनी इजाजत दिली, पण एका अटीवर. दम लागला की त्या क्षणी बसायचं, काळीज अजून कच्चं आहे. मला धडकीच भरली. हा माणूस आपल्या तोंडानं 'दम लागला' म्हणणार? मोडेल पण वाकणार नाही.

मी सोबत येते म्हटलं, तर हो म्हणाले. पण मी दमले म्हटलं तर काय होणार ते मला ठाऊक होतं. "तू बस सावलीला, मी येतो जाऊन." शेताच्या वाटेवर दहादा झालं होतं. म्हणून मी मेंढरंवाल्या सटवाजीला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि त्याचं कुत्रं एका दिवसासाठी मागितलं. परक्याचं कुत्रं, त्याच्या पोटापाण्याचं. ते दमलं तर थांबावंच लागेल, त्याला बस म्हणून पुढं जाता येणार नाही.

"भुऱ्या न्या की," सटवाजी म्हणाला. "पर भुऱ्या दमत न्हाई, मालकीणबाई."

"दमतो की न्हाई ते मी ठरवीन. तू वाट सांग."

त्यानं काडीनं जमिनीवर डोंगर काढला. मी जागा नक्की केल्या. पहिला थांबा पळसाखाली, दुसरा खडकातल्या टाक्यावर, तिसरा चढणीच्या मध्ये सपाट दगडावर. लग्नाच्या पंगतीसुद्धा मी इतक्या विचारानं मांडल्या नसतील.

"कुत्रं काहून?" यांनी विचारलं.

"बिबट्या हाय म्हनतेत."

"मंग बिबट्याला न्याहारी घेऊन चाललीस तू," म्हणाले, पण दोरी त्यांनीच हातात घेतली.

सकाळी ऊन अंगाला लागल्यावर निघालो. पळसाखाली पोचेपर्यंत यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "बसा जरा. भुऱ्याची जीभ बाहेर आली बघा." कुत्र्याची जीभ बाहेरच असते, पण ते बसले. टाक्यावर भुऱ्याला पाणी पाजायच्या निमित्तानं चांगलं घटकाभर बसवलं. तिथं त्यांनी त्याची दोरी सोडली. मुकं जनावर, बांधून कशाला न्यायचं, म्हणाले. मी मनात खूश. माझा बेत सुतासारखा सरळ चालला होता.

पुढं खडी चढण लागली आणि सपाट दगड अजून लांब होता. वर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. भुऱ्यानं कान टवकारले आणि सुसाट निघाला. मी हाका मारल्या, "भुऱ्या! अरं भुऱ्या!" त्यानं शेळ्यांना वेढा घालून एका जागी गोळा केलं आणि माथ्यावर उभा राहून आमच्याकडं बघत शेपूट हलवायला लागला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता कुत्र्याला दम लागला म्हणायची सोय राहिली नाही.

हे पुढं चाललेच होते. दर पावलाला हात गुडघ्यावर. मानेवर घाम. त्यांचे ओठ काळेनिळे पडलेत का ते बघायला मी भरभर पुढं जायला लागले, तर माझाच पाय निसटला. माझ्या डोळ्यांपुढं ते बांधावर पडलेले दिसत होते. ओरडावं तर काय म्हणून ओरडू? मी ओरडले तर ते अजून जोरात चढतील. देवा, या माणसाला तोंड दिलंस तर मग बोलायला का शिकवलं नाहीस, असं मला वाटलं.

तेवढ्यात ते थांबले. वळले.

"थांब नर्मदे. दम लागलाय."

मी वेड्यासारखं वर बघितलं. भुऱ्या तर उड्या मारत होता.

"त्याला न्हाई," ते म्हणाले. "मला."

आणि होते तिथंच खाली बसले, वाटेतच, धड जागाही नव्हती. मी शेजारी बसले आणि मला रडू फुटलं. दोन महिने एक टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं तिथं निघालं.

"रडायला काय झालं? बसलो की," ते म्हणाले. मग खाली बघत, "ताप आला तवाबी सांगाया पाह्यजे व्हतं. लय वाटायचं सांगावं. तू घाबरशील म्हनून..."

"आता घाबरले न्हाई व्हय मी?"

त्यांनी माझा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवला. काळीज धडधडत होतं, मग हळूहळू शांत झालं, ते मी माझ्या तळव्यानं मोजलं. खाली करडईचे पिवळे पट्टे दिसत होते आणि पूर्णेचं पाणीही इथूनच दिसत होतं. माथा हाकेच्या अंतरावर होता.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "निघायचं का?"

पूर्वी लगेच उठले असते. त्यांनी एक मोठा श्वास घेऊन बघितला, सोडला.

"न्हाई," ते म्हणाले. "आजून जरा बसू."