दोन जोड्या, एक बाइंडिंग

स्क्रू नुसताच फिरत राहिला.

फुमिएनं हात थांबवला. स्क्रू थोडा उलटा फिरवून तिनं पुन्हा आटे पकडतात का ते पाहिलं. पकडेनात. रुंद स्कीच्या टाचेकडचं हे भोक तिनं गेल्याच हिवाळ्यात लाकडाची खुंटी आणि गोंद भरून नव्यानं पाडलं होतं. आता त्या लाकडात जीवच उरला नव्हता.

"काय झालं?" स्टोव्हजवळून तोकितांनी विचारलं.

"काही नाही. चहा घ्या, गार होतोय."

तोकिता गावच्या रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र चालवायचे. पहाटे अंधारात बाहेर पडायचे आणि दुपारी मोकळे व्हायचे. बायको मुलीकडे सेंदाईला गेली ती तिकडेच राहिली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी ते एकटेच डोंगरावर जायचे, तेही वर नेणारे पाळणे नसलेल्या बाजूनं. चढताना टाच मोकळी राहते आणि उतरताना ती अडकवता येते, अशी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी पकड, त्यांच्याकडे होती. स्कीच्या जोड्या मात्र दोन होत्या. एक रुंद, भर थंडीतल्या भुसभुशीत बर्फासाठी, आणि एक अरुंद, वसंतात उन्हानं दबलेल्या बर्फासाठी. म्हणून डिसेंबरात अरुंद जोडीवरची बाइंडिंग काढून रुंदवर बसवायची आणि मार्च सरता सरता पुन्हा अरुंदवर. काम तासाभराचं. फुमिए त्याला अख्खी दुपार लावायची आणि तोकिता तेवढा वेळ तिच्या हातच्या लोणच्याबरोबर चहा घेत बसून राहायचे.

"काल पोस्टाच्या वळणावर ससा बसला होता," तोकिता सांगत होते. "दिवा तोंडावर टाकला तरी हलेना. शेवटी मीच इंजिन बंद केलं."

"मग?"

"मग काय. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मागे दूधवाला हॉर्न मारमारून हैराण."

फुमिए हसली. हे स्कीदुरुस्तीचं दुकान तिच्या वडिलांचं. भाऊ शिकून नागोयाला गेला, वडिलांचं आजारपण तिनं काढलं आणि दुकान तिच्याकडेच राहिलं. हंगामात दुकानात माणसांची वर्दळ असायची, पण सगळे स्कीकडे बघत बोलायचे. कधी मिळेल, धार लावून ठेवा, उद्या सकाळी हवी. एखाद्या संध्याकाळी दार ओढून घेताना तिच्या लक्षात यायचं, की दिवसभरात आपण 'हो' आणि 'झालंय' यापलीकडे काही बोललेलोच नाही.

शेजारच्या तोफूवाल्या योनेकोला हे सगळं दिसत होतं. "अगं, दुसरी बाइंडिंग घ्यायला काय धाड भरलीये त्या माणसाला?" ती म्हणायची. "तुझ्या हातचं लोणचं खायला येतो तो."

"काम असतं म्हणून येतात."

"हो तर. काम!"

वर्कबेंचच्या खालच्या खणात एक पाकीट होतं. त्यात पोलादाच्या बारीक नळ्या होत्या, बोटाच्या पेराहूनही लहान, आतून-बाहेरून आटे पाडलेल्या. स्कीला जरा मोठं भोक पाडायचं, नळी गोंद लावून त्यात फिरवून बसवायची, की झालं. मग स्क्रू लाकडाला लागतच नाही, नळीत बसतो. बाइंडिंग कितीही वेळा काढा, कितीही वेळा बसवा, आणि तेही आपल्या घरी, आपल्या हातानं. शहरातून येणाऱ्या दोघातिघांना तिनं त्या बसवून दिल्या होत्या. तोकितांना कधी सुचवलं नव्हतं. सुरुवातीला त्यांनी विचारलं नाही म्हणून. पुढे मात्र तो खण उघडायची वेळ आली, की ती दुसरंच काहीतरी शोधायला लागायची. आपण लबाडी करतोय असं तिला कधी वाटलं नाही. भोकं ती जिवापाड निगुतीनं बुजवायची.

पण आज लाकूडच ऐकत नव्हतं. आणखी एक खुंटी मारून आजची वेळ निभावली असती, स्क्रू घट्ट लागल्यासारखाही वाटला असता. हातातल्या स्कीकडे बघताना तिला डोंगराची ती पलीकडची बाजू दिसली. तिथे फोन लागत नाही. कमरेएवढा बर्फ, एकटा माणूस, आणि उतारावर पायातून उखडून गेलेली स्की.

तिनं खण उघडला.

"तोकिता-सान, आज नाही देता येणार. दोन्ही जोड्या ठेवून जा."

"दोन्ही?"

तिनं एक नळी तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली आणि काय करायचं ते सांगितलं. तोकितांनी ती चिमटीत घेऊन उजेडाकडे धरली.

"म्हणजे मग कोणालाही बदलता येणार?"

"कोणालाही. तुम्हालासुद्धा. घरी बसून, पाव तासात."

"हं." ते नळीतून खिडकीकडे बघत राहिले. "नवीन निघालंय का हे?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," फुमिए म्हणाली. "जुनंच आहे."

तोकितांनी नळी अलगद तिच्या हातावर परत ठेवली. कपातला उरलेला चहा संपवला आणि उठले.

ते काम तिनं घाई न करता केलं. जुनी भोकं साफ केली, सडलेलं लाकूड कोरून काढलं. ड्रिल स्कीच्या तळातून आरपार जाऊ नये म्हणून पात्याला कडं अडकवलं. एकेक नळी सरळ उतरतेय ना, ते गुण्या लावून पाहिलं. एक किंचित कलती बसली होती, ती गोंद ओला असतानाच बाहेर काढून पुन्हा घातली. तिच्या हातून इतकं चांगलं काम फार दिवसांत झालं नव्हतं.

गोंद वाळल्यावर तोकिता आले, तेव्हा तिनं बाइंडिंग मुद्दामच बसवून ठेवली नव्हती. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

"मी?"

"घरी तुम्हालाच करायचंय."

मोठमोठी यंत्रं हाकणारा तो हात त्या एवढ्याशा स्क्रूपुढे अवघडला. पहिला तिरका गेला. फुमिए त्यांच्या बाजूला उभी राहिली, पण हात लावला नाही.

"जोर नका लावू. घट्ट झाला की हात आपोआप थांबतो."

हात थांबला. दुसरा त्याहून बरा गेला. मग तिसरा. शेवटचा स्क्रू बसल्यावर तोकितांनी बाइंडिंग धरून हलवून पाहिली. ती हलली नाही.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पैसे दिले, वाकून नमस्कार केला आणि दोन्ही जोड्या खांद्यावर टाकून निघाले. दाराशी थांबून म्हणाले, "तुमचा त्रास वाचला."

त्या हिवाळ्यात बर्फ खूप पडला. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तिला यंत्राची घरघर ऐकू यायची. लांबून जवळ यायची, मग दुकानापुढून निघून जायची. दुकानापुढचा बर्फ इतरांपेक्षा जरा जास्त नीट काढलेला असतो, असं तिला एक-दोनदा वाटलं. मग वाटलं, आपलं उगीच काहीतरी.

"दिसला नाही तो तुझा लोणचंवाला," मार्चअखेरीस योनेको म्हणाली.

"त्यांचं काम नाही आता."

ह्या खेपेला योनेकोनं तोफूचा एक तुकडा जास्तीचा बांधून दिला.

एप्रिलमध्ये, हंगाम आवरत असताना, दुपारी दार सरकलं. दारात तोकिता उभे होते. हातात काहीच नव्हतं. न्यायचं काही नसताना रिकाम्या हातानं आलेलं त्यांना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांनाही कळत नसावं.

"काही बिघडलं का?" फुमिएनं विचारलं.

"छे, छे. परवाच बदलली. तुम्ही सांगितलंत तसा हात थांबला आपोआप."

"स्की आणली असतीत तर नजर टाकली असती."

"चांगली आहे की. बघण्यासारखं काही नाहीये तिच्यात."

"बरं."

"तेच सांगायला आलो होतो."

बाहेर छपरावरून पाणी गळत होतं. बसा म्हणावं, असं फुमिएच्या अगदी ओठांवर आलं. पण कशासाठी बसा? इतकी वर्षं ते थांबायचे ते काम होईपर्यंत. आता हाती कामच नव्हतं, आणि कामावाचून दोन माणसांनी समोरासमोर बसून काय करायचं असतं, हे तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं. तोकितांनाही नसावं. त्यांनी आत ओळीनं रचलेल्या बुटांच्या पेट्यांकडे पाहिलं, घसा खाकरला.

"आवराआवर चाललीये तुमची."

"हो. पावसाआधी सगळं वाळवून ठेवायचं असतं."

"बरं. येतो मग."

"या."

दार सरकून बंद झालं. काचेतून त्यांची पाठ वळणापर्यंत दिसत राहिली.

फुमिए फडकं आणायला मागे गेली. ओला बर्फ तुडवत आलेल्या बुटांनी उंबऱ्याच्या आत सिमेंटवर दोन ठसे उमटले होते, शेजारीशेजारी, चवडे दुकानाच्या दिशेनं. त्यांच्यापुढे जमीन कोरडी होती. ती फडकं घेऊन आली आणि पुसायला वाकली. मग ते खुंटीला परत अडकवलं आणि ठशांना वळसा घालून बुटांच्या पेट्या उचलायला लागली.